ये, थांब, जा

कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत. धाकटा भाऊ तिथंच कामाला होता, तो दिवसभर ‘ताई, ताई’ करत फिरायचा, आणि बघता बघता फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती ताई होऊन बसली. तिचं काम यंत्र आणि माणूस यांच्या मधल्या जागेचं. बटण कुठं असावं, केवढं असावं, घाईत कोपर लागलं तर काय, हातमोजा तेलानं बरबटलेला असला तर काय, असल्या प्रश्नांवर तिचा पगार चालायचा. “एवढं शिकली आणि बटणं लावत बसते,” असं आई शेजारणींना कौतुकानंच सांगायची.

पंप जोडायच्या शेडमध्ये, खिडक्यांच्या बाजूला, तिचं सगळ्यात आवडतं यंत्र होतं. जमिनीत पक्का बसवलेला एक लांब लोखंडी हात. पंपाचं बिडाचं झाकण उचलून आणायचं, कामगारासमोर धरायचं, त्यानं बोल्ट आवळले की मागे जायचं, एवढंच त्याचं काम. भोवती जाळी नाही की पिंजरा नाही. माणूस आणि यंत्र एकाच टेबलावर, खांद्याला खांदा लावून. कामगार त्याला सोंड म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या भावानंच, आणि त्याला स्वतःला घरात बुटक्या म्हणत. वाढत वाढत तो दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागला तरी नाव काही बदललं नाही.

झाकण पेलताना आणि पाना फिरवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून सोंडेला तोंडानं हुकूम द्यायचे असं ठरलं. बाकीच्या इंजिनिअरांना इंग्रजी शब्द हवे होते. ताई म्हणाली, घाबरलेला माणूस शाळेत शिकलेल्या भाषेत ओरडत नाही. ते सिद्ध करायला तिनं अख्खा उन्हाळा एक खोडसाळपणा केला. रिकाम्या डब्यांनी भरलेली ढकलगाडी ती उतारावर गुपचूप सोडून द्यायची आणि आसपासचे लोक काय ओरडतात ते ऐकायची. गाडीला कान नसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी झाडून सगळे तिच्याकडे हात करून एकच शब्द ओरडायचे. थांब. साहेब लोकसुद्धा.

तेव्हा तीन शब्द ठरले. ‘ये’ म्हटलं की सोंड झाकण घेऊन येणार, ‘थांब’ म्हटलं की आहे तिथं थांबणार, ‘जा’ म्हटलं की मागे जाणार. टेबलाभोवती जमिनीवर पिवळी रेघ मारली, रेघेच्या आत वजन ओळखणारी रबरी चटई अंथरली आणि खांबावर माणूस टिपणारं एक भिंग आणि तीन दिवे लावले. आत कुणी नाही तर हिरवा. कुणी उभं असेल तर पिवळा, म्हणजे सोंड हळू चालणार. आणि सोंडेचा माणसाला धक्का लागला तर लाल.

पहिल्याच आठवड्यात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पाळी संपवून निघालेल्या एकानं लांबूनच बुटक्याला हात केला, “येतो रे.” बुटक्या म्हणाला, “ये, ये.” आणि कोपऱ्यातून सोंड मोठ्या अदबीनं झाकण घेऊन आली आणि रिकाम्या टेबलासमोर धरून उभी राहिली.

“तिची काय चूक?” बुटक्या म्हणाला. “आपणच निघालेल्या माणसाला ये म्हणतो. ताई, उद्या सोंडेला जा म्हणायलाही जिवावर येणार बघ. आईनं ऐकलं तर जेवायला वाढायची नाही.”

ते खरंच होतं. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलेलं आईला खपत नसे. ‘येतो’ म्हणायचं, आणि घरातल्यांनी ‘ये’ म्हणायचं. ‘जा’ हा शब्द त्यांच्या घरात दारात आलेल्या कुत्र्यासाठी होता, आणि कुत्र्यालाही आई तो जरा दबक्या आवाजातच म्हणायची.

ताईनं मग दोन नियम घातले. पिवळ्या रेघेच्या आतून बोललेलाच शब्द सोंडेनं ऐकायचा. आणि ‘थांब’ सगळ्यांवर भारी. एकदा कुणी ‘थांब’ म्हटलं आणि त्या वेळी लाल दिवा लागलेला असला, तर रेघेच्या बाहेर भिंतीवर असलेलं निळं बटण दाबेपर्यंत सोंडेनं दुसरा कुठलाही शब्द ऐकायचा नाही. गोंधळात चार जण चार गोष्टी ओरडतात, त्यातली सगळ्यात सुरक्षित तेवढी खरी धरायची, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. नंतर चौकशीला आलेल्यांनीही तसंच लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सोंडेच्या पकडीतलं झाकण निसटून तिरकं झालं आणि बुटक्या झाकण आणि टेबल यांच्यामध्ये छातीशी अडकला. लाल दिवा लागला. धक्का लागताच सोंड आपोआप मागे सरकू लागते, तशी ती सरकू लागलीही होती. ताई शेजारच्याच टेबलापाशी होती. ती धावत चटईवर गेली, तिनं भावाचा खांदा धरला आणि ती त्याला म्हणाली, “थांब. मी आहे. थांब.”

तो शब्द भावासाठी होता. सोंडेनंही ऐकला.

सरकणारा हात जागच्या जागी थांबला. ताई ‘जा, जा’ म्हणून ओरडत राहिली, आणि तिनंच घातलेल्या नियमाप्रमाणे सोंडेनं तिचं काही ऐकलं नाही. निळ्या बटणाची आठवण होऊन ती रेघेबाहेर धावली तोवर उशीर झाला होता. सगळ्या गडबडीत बुटक्या फक्त एकदाच बोलला. ती थांब म्हणाली तेव्हा त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बरं.”

पकड सोडली तर यंत्रात दोष आढळला नाही. माणसांचाही नाही. ताईला कुणी शब्दानं दुखवलं नाही, आणि ते सहन करणं जास्त कठीण होतं. ती रोज कामावर येत राहिली, कारण घरी बसलं की आईसमोर बसावं लागे. हसणं तिनं सोडलं होतं. जेवण पोटात जात होतं, एवढंच.

मग उन्हं तापायला लागली आणि मालकांनी सोंड पुन्हा सुरू करायची ठरवली. ताईनं तिला नवी पकड बसवून घेतली, शब्दांची व्यवस्था बदलायचा आराखडा केला आणि तपासणीसाठी वीज चालू केली. शेडमध्ये ती आणि वायरमन दोघंच होते. दोघंही रेघेच्या बाहेर.

खांबावरचा पिवळा दिवा लागला.

“भिंगावर माशी बसली असेल,” वायरमन म्हणाला. त्यानं भिंग पुसलं. दिवा पिवळाच राहिला. खिडकीतून येणारं ऊन चटईवर पडत होतं, म्हणून त्यांनी ताडपत्री बांधली. वायर बदलल्या. सुटा दिवा आणून लावला, तोही पिवळा झाला. शेवटी चटईच खराब असणार, असं ताईनं ठरवलं. तिला बरंही वाटलं. खराब चटई ही गोष्ट तिला समजत होती.

नवी चटई दुसऱ्या दिवशी अंथरली. चटईवर कुठं किती भार आहे ते दाखवणारा एक छोटा पडदा टेबलाच्या बाजूला होता. ताईनं तो लावला. करड्या चौकोनात, टेबलासमोर, दोन लांबट डाग होते. डावा गडद, उजवा फिका.

लहानपणी सायकलवरून पडून बुटक्याचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला होता. तो उभा राहायचा तो नेहमी डाव्या पायावर भार टाकून. हे शेडमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं, कारण त्याच्या उभं राहण्याची नक्कल करणं हा मधल्या सुट्टीतला एक खेळ होता.

“ही चटई नवीच आहे ना?” ताईनं विचारलं.

“तुमच्यासमोर तर पाकीट फोडलं.” वायरमननं पडद्याकडे जरा वेळ बघितलं. स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. “ताई, मी जेवून येतो.”

सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. तो दिवसभर फिरकला नाही, आणि नंतर आला तरी त्यानं पिवळ्या रेघेच्या आत पाऊल टाकलं नाही.

ताई एकटीच तपासत राहिली. तिला भुताखेतांचं वेड नव्हतं. मोजता येतं ते मोजावं, उरलेलं मान्य करावं, असा तिचा स्वभाव. ती चटईवर उभी राहिली तेव्हा पडद्यावर चार डाग दिसले. ती उतरली तेव्हा दोन उरले. तिनं सोंडेला स्वतःच्या उंचीला लावलं, रेघेच्या आत जाऊन ‘ये’ म्हणाली. सोंड हळूहळू आली आणि तिच्या डोक्यावरून वर गेली. झाकण तिच्या कपाळाच्याही वर धरून ती वाट बघत राहिली. एखाद्या उंच माणसाच्या छातीसमोर यावं एवढ्या उंचीवर. ताईनं उंची पुन्हा लावली. सोंड पुन्हा तिथंच गेली.

फोरमन लांबून बघत होता. जवळ यायचं त्यानं टाळलं.

“शनिवारी भंगारवाला येतोय,” तो म्हणाला. “त्याआधी दिवा हिरवा झाला तर ठीक. नाहीतर सोंड कापून न्यायची, टेबल उचलायचं आणि ही बाजू भिंत घालून बंद करायची. मालकांना ते नजरेसमोर नकोय. आणि खरं सांगू का ताई, मलाही नकोय.”

“आणि आत कुणी असलं तर?”

फोरमननं टोपी काढली, पुन्हा घातली. “तुम्ही दोन दिवस रजा घ्या,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवताना ताईनं आईला सगळं सांगून टाकलं. इतके दिवस तिनं त्या सकाळबद्दल आईजवळ चकार शब्द काढला नव्हता. आईनं हातातला घास ताटात ठेवला.

“तू त्याला थांब म्हणालीस?”

“हो.”

“आणि तो?”

“बरं म्हणाला.”

मग आईनं ती जुनी गोष्ट काढली, जी घरात आजवर हसायला म्हणून सांगितली जायची. बुटक्या पहिलीत होता. ताईनं त्याला शाळेच्या फाटकापाशी ‘थांब इथं, मी आलेच’ म्हणून उभं केलं आणि मैत्रिणींच्या नादात ती दुसऱ्या वाटेनं घरी आली. दिवेलागणीला आई शोधत गेली तर पोरगं फाटकाला टेकून तसंच उभं. चड्डी ओली, डोळे कोरडे. का रे आला नाहीस घरी, विचारलं तर म्हणाला, ताई थांब म्हणाली.

“तुझं फार ऐकायचा,” आई म्हणाली. “तू थांब म्हणालीस, मग तो थांबला असेल. तू सांगितल्याशिवाय कसा हलेल?” तिनं ताट बाजूला सारलं. “भिंत घालायच्या आधी सोडव त्याला. एवढं कर माझं.”

शुक्रवारी दुपारी, सगळे जेवायला गेले तेव्हा, ताई पिवळ्या रेघेपाशी येऊन उभी राहिली. शेड रिकामी होती. पंखे बंद केल्यामुळे पत्र्याची कडकड ऐकू येत होती. खांबावर पिवळा दिवा. पडद्यावर दोन डाग. उद्या हे सगळं भिंतीआड जाणार होतं आणि तो तिथं उभा राहणार होता, डाव्या पायावर, ताईची वाट बघत. फाटकापाशी निदान आई तरी गेली होती.

तिनं आधी भिंतीवरचं निळं बटण दाबलं. आजवर शंभरदा दाबून झालं होतं. सोंड मोकळी झाली, दिवा पिवळाच राहिला. ते बटण सोंडेसाठी होतं. माणसाला दिलेला शब्द परत घ्यायला तिनं कुठंच काही बसवलेलं नव्हतं.

ती चटईवर गेली. त्या दोन डागांच्या शेजारी उभी राहिली.

“बुटक्या,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “पुरे झालं रे. मी चुकून म्हणाले ते. तुला असं थांबायला नव्हतं सांगितलं.”

पत्रा कडकडला. काही झालं नाही.

आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. एका अक्षराचा. सोंडेला तो तिनं हजारदा म्हटला होता. भावाच्या नावापुढं तो तिला लावता येईना. आपल्या माणसाला, कायमचं निघालेल्याला, ‘जा’ म्हणायचं? कुत्र्याला म्हणतात तसं? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि दारात उभं राहून निरोप देतात तसं, आईच्याच सुरात, तिच्या तोंडून निघून गेलं,

“बरं. ये हं.”

सोंड हलली नाही. रेघेच्या आतून ‘ये’ म्हटल्यावर ती हलायला हवी होती. ताईच्या हे लक्षात आलं, पण तिनं तिकडे बघितलं नाही, कारण पडद्यावरचे दोन डाग फिके होत होते. आधी उजवा, मग डावा. ती चटईवरून उतरली. रेघ ओलांडली.

खांबावर हिरवा दिवा लागला.

ती तिथंच खाली बसून रडली. मोकळं, पोटातून, पहिल्यांदाच. जेवून आलेल्या फोरमननं दिवा बघितला, तिच्याकडे बघितलं आणि तो काही न विचारता पाणी घेऊन आला.

“झालं ताई,” तो म्हणाला. “घरी जा आता.”

ती निघाली. कचेरीचं काचेचं दार ती आली तसं आपोआप उघडलं, ती गेल्यावर मिटायला लागलं, अर्ध्यावर अडलं आणि पुन्हा उघडलं. तिनं वळून बघितलं नाही. दारं अशी अडतात. दारावरचं भिंग धुळीनं भरलं की अडतात.

रस्त्यावर वर्दळ होती. घरी पोचेपर्यंत तिला फक्त थकवा जाणवत होता. इमारतीच्या खालच्या मजल्यावर माणूस आलं की लागणारा दिवा आहे. तो तिच्यासाठी लागला, ती लिफ्टपाशी पोचली तसा विझला.

आणि पुन्हा लागला.

ती लिफ्टमध्ये शिरली. तिच्या वजनानं लिफ्टची जमीन नेहमीसारखी जराशी दबली. दार मिटायला लागलं, मध्येच थांबलं, मागे सरकलं.

जमीन पुन्हा एकदा दबली. डावीकडे जास्त.

दार मिटलं.

तेव्हा कुठं ताईला कळलं की आपण त्याला काय म्हणालो. त्याला निरोप कळला नव्हता. त्याला ‘ये’ ऐकू आलं होतं, आणि तो आला होता. ताईचं फार ऐकायचा.

लिफ्ट वर चालली होती. घर जवळ येत होतं. आत आई होती, जिला ताई ‘सुटला तो’ म्हणून सांगणार होती. जा म्हण, ताई स्वतःला म्हणाली. आत्ता म्हण. एकच अक्षर आहे. तिनं ओठ उघडले, आणि लिफ्टनं जोराचा हिसका दिला, आणि उतारावरून सुटलेली गाडी बघून सगळ्यांच्या तोंडून निघायचं तेच तिच्या तोंडून निघालं.

“थांब.”

लिफ्ट आपल्या मजल्याला येऊन उभी राहिली. दार उघडलं. ताई एकटीच बाहेर पडली.

आता ती जिन्यानं जाते-येते. सोंड व्यवस्थित चालते, दिवा हिरवा असतो, फोरमन तिला मान देतो. ती कामावर जाते, परत येते, जेवते. लिफ्ट रिकामी असली तरी डावीकडे बोटभर कलते अशी इमारतीतल्या लोकांची तक्रार आहे. लिफ्टवाला दोनदा येऊन दोर तपासून गेला. ताईनं आईला काही सांगितलेलं नाही. सुटला तो, एवढंच सांगितलंय. आई त्यावर “बरं झालं” म्हणाली होती.

आईचे गुडघे दुखतात, तिला लिफ्टशिवाय गत्यंतर नाही. काल ताई जिना चढून वरच्या वळणावर आली तेव्हा लिफ्टचं दार उघडलं, आत भाजीची पिशवी घेतलेली आई होती. ती अंग चोरून, अगदी उजव्या बाजूला उभी होती. बाहेर आल्यावर आई लगेच घराकडे वळली नाही. तिनं रिकाम्या लिफ्टचं मिटायला निघालेलं दार हातानं जरा अडवलं, आणि आत बघून, रोज म्हणत असल्यासारखं म्हणाली,

“येते रे.”